जिरो दि इतालिया: डोंगरातली स्टेज बघायची कशी

जिरो म्हणजे इटलीतली, मे महिन्यातली तीन आठवड्यांची सायकल रेस, 21 स्टेज म्हणजे रोजचा एक टप्पा, मधे आरामाचे दिवस, आणि नुकतंच बघायला लागलेल्या लोकांची तक्रार हमखास एकच असते की पाच पाच तास माणसं सायकल मारतायत, कॉमेंट्रीवाले मधूनच ओरडतायत, पण नक्की चाललंय काय तेच कळत नाही. सपाट स्टेजचं ठीक आहे, तिथे शेवटचे 10 किलोमीटर बघितले तरी भागतं. डोंगरातल्या स्टेजचं तसं नाही, तिथे निकाल शेवटच्या चढावर दिसतो खरा पण तो ठरलेला असतो दोन तास आधी, आणि तो ठरताना बघता आला ना की मग ही रेस सोडवत नाही.

त्यासाठी एकच सवय लावा. पुढे कोण आहे हे बघायचं कमी करा आणि ज्यांना रेस जिंकायचीय त्यांच्याजवळ त्यांच्या टीमची किती माणसं उरलीत ते मोजत रहा. बाकी सगळं मी खाली सांगतेय ते या मोजणीला मदत म्हणून.

आधी थोडी तयारी

जिरोचं जे अधिकृत रोडबुक असतं त्याला गारिबाल्दी म्हणतात, त्यात प्रत्येक स्टेजचा उंचीचा आलेख असतो आणि तो ऑनलाइन सहज मिळतो. स्टेज सुरू व्हायच्या आधी तो पाच मिनिटं बघा. त्यात सरासरी चढ किती टक्के लिहिलाय त्याच्यावर फार विसंबू नका, सरासरी फसवते, कारण मधे दोन किलोमीटर सपाट आले की पुढचा 14 टक्क्यांचा तुकडा त्या आकड्यात लपून जातो. सगळ्यात तीव्र किलोमीटर कुठला आहे आणि तो चढाच्या सुरुवातीला आहे की शेवटी हे बघायचं. झोंकोलान नावाच्या घाटाला ओव्हारो गावाच्या बाजूने साधारण 10 किलोमीटर सरासरी जवळपास 12 टक्के चढ आहे आणि काही जागी तो 20 च्या वर जातो, अशा ठिकाणी कोणाच्या मागे लपून फार फायदा नसतो कारण वेगच इतका कमी असतो की वाऱ्याचा प्रश्न उरत नाही, जो तो आपल्या पायांवर. याउलट 6-7 टक्क्यांचा लांब घाट असेल तर वेग ताशी 20-25 किलोमीटर राहतो आणि तिथे पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलेल्या माणसाची बरीच शक्ती वाचते, म्हणजे तिथे टीम कामाला येते. आलेख बघतानाच हे मनाशी ठरवून टाका, आजचा घाट एकट्याचा की टीमचा.

दुसरं, दोन घाटांच्या मधे काय आहे ते बघा. मधे लांब सपाट दरी असेल तर एकटा सुटलेला माणूस तिथे मार खातो, कारण मागचे पाचजण आळीपाळीने वारा कापत येतात आणि हा बिचारा एकटाच वारा खात असतो. उतार संपला की लगेच पुढचा चढ असेल तर मात्र एकट्यालाही चान्स असतो.

आणि उंची. स्तेल्वियोचा घाट 2758 मीटरवर आहे, प्रातो गावाच्या बाजूने 48 हेअरपिन वळणं आहेत, आणि 2000 मीटरच्या वर हवा विरळ झाली की सगळ्यांचीच ताकद कमी होते पण सगळ्यांची सारखी कमी होत नाही. खाली राजासारखा चालवणारा माणूस वर एकदम ढेपाळतो. दरवर्षीच्या रेसमधल्या सगळ्यात उंच जागेला चिमा कोप्पी म्हणतात, जुना इटालियन चॅम्पियन फाउस्तो कोप्पीच्या नावावरून, ही पद्धत 1965 पासून आहे आणि तिथे पहिलं पोचणाऱ्याला डोंगराच्या जर्सीचे पॉइंट जास्त मिळतात. कोप्पीने 1953 मध्ये, स्तेल्वियो जिरोमध्ये पहिल्यांदा आला त्याच वर्षी, प्रतिस्पर्धी ह्युगो कोब्लेटला याच घाटात मागे टाकून आपली पाचवी जिरो जिंकली होती, त्यामुळे स्तेल्वियो आणि कोप्पी ही नावं इटलीत जोडीनेच घेतली जातात.

जर्सी पटकन सांगून टाकते. गुलाबी म्हणजे एकूण वेळेत सगळ्यात पुढे असलेला, मालिया रोझा, 1931 पासून आहे, आणि गुलाबी का तर रेस सुरू करणारा ला गॅझेटा डेल्लो स्पोर्ट हा पेपर गुलाबी कागदावर छापतात. जांभळट रंगाची पॉइंटची, निळी डोंगराची, पांढरी तरुण रायडरची. डोंगरात मुख्य लक्ष गुलाबीकडे.

सुरुवातीचे दोन तास

बहुतेक लोक हे बघत नाहीत आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त माहिती मिळते. स्टेज सुरू झाली की काही जण पुढे पळून जातात, याला ब्रेकअवे म्हणायचं. त्यात कोण आहे याची यादी स्क्रीनवर येते तेव्हा नुसती नावं वाचू नका, टीम वाचा. ज्याला स्टेज जिंकायचीय असा माणूस तर असणारच, पण एखाद्या मोठ्या लीडरच्या टीममधला तगडा माणूस त्यात असेल तर समजायचं की काहीतरी शिजतंय. त्याला स्टेज जिंकायला पाठवलेलं नसतं बहुतेक वेळा, त्याला पाठवलेलं असतं पुढे जाऊन थांबायला. मागून आपला लीडर सुटून एकटा आला की दरीत हा त्याची वाट बघत असतो आणि मग एकट्याचे दोघं होतात. वाट बघणाऱ्या अशा माणसाला सॅटेलाइट म्हणतात.

2016 च्या जिरोमधली पिनेरोलो ते रिझूल ही स्टेज मिळाली तर नक्की बघा. गुलाबी जर्सी स्टीव्हन क्राउसवाइककडे होती, एस्तेबान चावेस तीन मिनिटं मागे आणि विन्चेन्झो निबाली 4 मिनिटं 43 सेकंद मागे, म्हणजे कागदावर निबालीचं संपलेलंच होतं. निबालीच्या टीमचा मिकेले स्कार्पोनी पुढे ब्रेकअवेमध्ये होता आणि कोल्ले देल्ल'आन्येल्लो या 2744 मीटरच्या घाटावर तो पहिला पोचला, ती त्या वर्षीची चिमा कोप्पी होती. मागे उताराच्या सुरुवातीलाच क्राउसवाइक रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंतीवर आदळून पडला, उठला, पण पुढचा ग्रुप निघून गेला होता आणि त्याच्या टीमचं त्याच्याजवळ कोणीच नव्हतं. इकडे स्कार्पोनी, ज्याला स्टेज जिंकायची संधी होती, तो चक्क थांबला, निबाली येईपर्यंत थांबला, आणि मग त्याच्यासाठी जीव काढून ओढलं. निबालीने स्टेज घेतली, दुसऱ्या दिवशी गुलाबी जर्सी, आणि शेवटी जिरोही, 52 सेकंदांनी. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ट्रेनिंगला बाहेर पडलेल्या स्कार्पोनीचा रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू झाला आणि त्या वर्षीच्या जिरोमध्ये मोर्तिरोलोचा घाट त्याच्या नावाने अर्पण केला. त्याने करिअरमध्ये काय काय जिंकलं ते बाजूला ठेवूया, मला तो त्या घाटावर थांबलेलाच आठवतो. सगळी रेस समजायची असेल तर ते थांबणं बघा, एवढंच मी कोणालाही सांगते.

माणसं मोजायची कशी

टीममध्ये आठ जण असतात. पहिल्या मोठ्या घाटाच्या पायथ्याशी लीडरजवळ पाच-सहा दिसले तर तब्येत ठणठणीत. शेवटून दुसऱ्या घाटाच्या माथ्यावर तीन असतील तरी बरं. शेवटच्या घाटाच्या पायथ्याशी एकही नसेल तर तो कितीही ताकदवान असला तरी त्याला आता सगळ्यांच्या हल्ल्यांना एकट्यानेच उत्तर द्यायचंय, आणि चौघंजण आळीपाळीने हल्ला करत असतील तर एक माणूस किती वेळा उत्तर देणार.

मदतनीस माणसं नक्की करतात काय? एक म्हणजे पाणी आणि खाणं आणून देतात, हल्ली हे रायडर तासाला 90 ते 120 ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात घालतात, ते सगळं खिशात घेऊन कोणी डोंगर चढत नाही. दुसरं, आणि हे डोळ्यांना दिसत नाही म्हणून नवीन माणसाला कळत नाही, ते पुढे राहून वेग इतका जास्त ठेवतात की कोणाला हल्ला करायची हिंमतच होऊ नये. म्हणजे स्क्रीनवर वीस मिनिटं काहीच घडत नाहीये, एक माणूस पुढे मान खाली घालून ओढतोय, मागे रांग लागलीय, कंटाळवाणं वाटतं ना, तर त्या वेळी पुढे बघू नका, रांगेच्या शेपटीकडे बघा. एकेक जण सुटत जातो. आधी दहा मीटरची फट, मग वीस, मग कॅमेऱ्यातून गायब. ज्याचं चाक सुटलं तो परत येत नाही, क्वचितच येतो.

याचं उत्तम उदाहरण 2020. त्या वर्षी कोविडमुळे जिरो ऑक्टोबरमध्ये झाली होती आणि स्तेल्वियोवर रोहन डेनिसने आपल्या टीमच्या टाओ गेगन हार्टसाठी असा वेग लावला की एकेक करत सगळे गळाले, फक्त दुसऱ्या टीमचा जय हिंडली मागे लटकून राहिला. मजा म्हणजे हिंडलीचा स्वतःचा लीडर विल्को केल्डरमन मागे सुटला होता, तरीही त्या दिवशी गुलाबी जर्सी केल्डरमनलाच मिळाली. आणि शेवटी मिलानच्या टाइम ट्रायलला, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या स्टेजला, हार्ट आणि हिंडली अगदी सारख्या वेळेवर उभे होते, तीन आठवडे चालवून! हार्ट 39 सेकंदांनी जिंकला. पण मला विचाराल तर त्या जिरोचा खरा माणूस डेनिस.

दमला कोण ते ओळखायचं

चेहऱ्यावर जाऊ नका. काहींचा चेहरा पहिल्या किलोमीटरपासूनच रडवेला असतो आणि तेच जिंकतात. खांदे बघा, खांदे डावी-उजवीकडे हलायला लागले म्हणजे पाय ऐकत नाहीयेत आणि आता वरचं अंग ढकलतंय. पायांची लय बघा, आधी भरभर फिरणारे पेडल जड झाले का. हेअरपिनमधून बाहेर पडताना बघा, तिथे प्रत्येक वेळी वेग थोडा वाढवावा लागतो आणि दमलेला माणूस नेमका तिथेच एक सायकलभर मागे पडतो, मग सरळ रस्त्यावर ते अंतर भरून काढतो, पुढच्या वळणाला परत मागे. दोन-तीन वळणं असं झालं की समजायचं, हा जाणार. आणि ग्रुपमध्ये एकदम शेवटी जाऊन बसलेला लीडर, याचे दोन अर्थ असतात, एक तर तो सगळ्यांना न्याहाळतोय नाही तर कसाबसा टिकून आहे, त्याच्या बाटलीकडे बघा, नीट पाणी पितोय आणि खातोय तर पहिला अर्थ, खाणं विसरलाय तर दुसरा.

गॅपचा हिशोब

स्क्रीनच्या कोपऱ्यात जे अंतर दिसतं ते त्या क्षणाचं असतं, त्यात रायडर आधीपासून किती मागे होता ते धरलेलं नसतं. ते तुम्हाला करायचंय, आणि कागद पेन घेऊन केलंत तर फार मजा येते. 2025 ची वेर्रेस ते सेस्त्रिएरे स्टेज घ्या, शेवटून दुसरी. सकाळी इसाक देल तोरो गुलाबी जर्सीत, रिचर्ड कारापाझ 43 सेकंद मागे, सायमन येट्स 1 मिनिट 21 सेकंद मागे. म्हणजे येट्स रस्त्यावर देल तोरोच्या 1:21 पुढे गेला की त्या क्षणी जिरो त्याच्याकडे, याला व्हर्च्युअल लीडर म्हणतात.

झालं असं की कोल्ले देल्ले फिनेस्त्रेवर येट्स सुटला. हा घाट साधारण साडेअठरा किलोमीटरचा, सरासरी 9 टक्क्यांच्या वर, आणि शेवटचे जवळपास 8 किलोमीटर डांबरच नाही, खडीचा कच्चा रस्ता. देल तोरो आणि कारापाझ एकमेकांकडे बघत राहिले, तू ओढ, नाही तू ओढ, कारण एकाने ओढलं तर दुसरा फुकटात मागे येणार आणि शेवटी हल्ला करणार. गॅप 1:21 च्या पुढे गेली तरी दोघंही हलेनात. आणि पुढे येट्सच्या टीमचा वाउट व्हॅन आर्ट ब्रेकअवेमधून मागे येऊन थांबला होता! घाट उतरून सेस्त्रिएरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे एकट्याने मार खायचा असतो तिथे, त्याने येट्सला ओढून नेलं. शेवटी येट्स जिरो जिंकला 3 मिनिटं 56 सेकंदांनी. ज्यांनी सकाळी ब्रेकअवेची यादी वाचताना व्हॅन आर्टच्या नावापुढे टीम बघितली होती त्यांना ही शक्यता दुपारीच दिसत होती.

याच घाटावर 2018 मध्ये हाच येट्स गुलाबी जर्सीत असताना पार कोसळला होता, त्या एका दिवसात 38 मिनिटांहून जास्त गमावली, आणि ख्रिस फ्रूमने तिथूनच, फिनिशपासून 80 किलोमीटर आधी, हल्ला करून रेस फिरवली. तेव्हा फ्रूमच्या टीमने घाटभर आपली माणसं बाटल्या आणि खाणं घेऊन उभी केली होती म्हणजे त्याला अंगावर वजन बाळगायला नको. सात वर्षांनी त्याच खडीवर येट्सने जिरो जिंकली, सायकलिंगमध्ये असं परत मिळतं कुठे कोणाला, मला तर तो दिवस बघताना रडू आलं होतं.

वेळेचे आणखी दोन नियम लक्षात ठेवा. फिनिशला पहिल्या तिघांना 10, 6 आणि 4 सेकंदांचा बोनस मिळतो, म्हणून दोन लीडर एकत्र आले तरी शेवटच्या 200 मीटरला मारामारी होते. आणि सपाट स्टेजला शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडलं तर ग्रुपचीच वेळ देतात, पण डोंगरमाथ्यावर संपणाऱ्या स्टेजला ही सवलत नसते, पडलात तर पडलात.

उतार आणि हवामान

उताराला चहा करायला उठू नका. 80-90 च्या वेगाने खाली जाताना ओल्या रस्त्यावर अर्धा मिनिट सहज जातं किंवा मिळतं, आणि भीती एकदा मनात बसली की पुढच्या वळणांवर ब्रेक आधी लागतो. माथ्यावर कोण जॅकेट घालतोय ते बघा. चढताना घामाने भिजलेलं अंग 2500 मीटरवरून खाली सुटलं की गारठतं, बोटांना ब्रेक दाबता येत नाही. 1988 ला गाविया घाटावर बर्फ पडत असताना अँडी हॅम्पस्टेनने गुलाबी जर्सी घेतली, स्टेज एरिक ब्रॉइकिंकने जिंकली होती, पण तो दिवस खरा उताराचा आणि गरम कपड्यांचा होता, नुसत्या चढायच्या ताकदीचा नव्हता. आता अतिवाईट हवामानासाठी वेगळे नियम आहेत, स्टेज छोटी करतात किंवा रद्द करतात, 2013 मध्ये गाविया-स्तेल्वियोची स्टेज बर्फामुळे पूर्ण रद्द झाली. काही लोक याला कुरकुर करतात, मला ते पटत नाही, रायडर आपल्या करमणुकीसाठी गोठायला आलेले नाहीत.

प्रत्यक्ष घाटात उभं राहून बघायचं असेल तर

एकदा तरी बघावं असं खरंच आहे, आणि तिकीट नसतं, रस्ता सगळ्यांचा. घाट गाड्यांसाठी रेसच्या कितीतरी तास आधी बंद होतो, त्यामुळे सकाळीच वर पोचायचं, चालत किंवा सायकलने. जागा निवडताना माथ्यावरच्या गर्दीत जायची गरज नाही, माथ्याच्या दोन-तीन किलोमीटर खाली तीव्र चढाचं हेअरपिन शोधा, तिथे वेग सगळ्यात कमी असतो आणि खालचे दोन-तीन वळणांचे रस्तेही दिसतात म्हणजे एकाच जागेवरून रेस चढत येताना दिसते. मे अखेर असली तरी वर रस्त्याकडेला बर्फ असू शकतो, गरम कपडे, पावसाचं जॅकेट, खाणं, भरपूर पाणी बरोबर पाहिजेच, आणि हजारो लोक एका डोंगरावर जमल्यावर मोबाइलचं नेटवर्क असेलच असं धरून चालू नका, गॅप कळायला शेजारच्या इटालियन काकांच्या रेडिओचाच आधार.

आधी प्रायोजकांच्या गाड्या जातात, मग बराच वेळ काही नाही, मग खालून हेलिकॉप्टरचा आवाज येतो. तो आला की रस्त्याच्या कडेला एक पाऊल मागे व्हा. रायडरच्या बाजूने पळू नका, झेंडा त्यांच्या तोंडासमोर फडकवू नका, पाठीवर ढकलू नका, फोनवर व्हिडिओ घेताना हात रस्त्यात जातो हे लक्षातही येत नाही आणि कोणाचं तीन आठवड्यांचं काम तिथे संपू शकतं. हे मी अगदी कळकळीने सांगते, ओरडा हवं तेवढं.

पुढचे लोक गेले की लगेच निघू नका. मागून ग्रुपेत्तो येतो, म्हणजे स्प्रिंटर (सपाटीवर शेवटी जोरात सुटणारे, चढाला कच्चे) आणि काम संपवून दमलेली माणसं, जी वेळेच्या मर्यादेत पोचायला एकत्र चढतात, ती मर्यादा विजेत्याच्या वेळेवरून काढतात आणि ती ओलांडली की दुसऱ्या दिवशी घरी. पुढच्यांच्या अर्धा तास मागेही ते येऊ शकतात. ज्यांनी सकाळी घाटाच्या पायथ्यापर्यंत ओढलं होतं ते इथे दिसतात तुम्हाला, हळू चाललेले असतात म्हणून चेहरेही नीट दिसतात, आणि टाळ्या यांच्यासाठी राखून ठेवा, आधी त्यांचे नंबर बघून ठेवले असतील तर नावाने हाक मारा.

सगळ्यात शेवटी एक गाडी येते, वर पाटी असते, फीने गारा चिक्लिस्तिका, रेस संपली. ती जाईपर्यंत रस्त्यावर उतरायचं नाही, मागे कोणी एकटा रायडर राहिलेला असू शकतो. ती गेली की सगळेच एकदम खाली निघतात, चालणारे, सायकलवाले, मग गाड्या, म्हणून सायकलने आला असाल तर ब्रेक आधी तपासा, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावा, उजवीकडून चला आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं गर्दी जाऊ द्या.